लव्हाळ्यातले जावईबापू

८ एप्रिल

तू विसरली असशील, म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझी आजी. तुझ्या आईची आई. तीच, जिला तू "पोचले की लगेच फोन करते हं" असं सांगून गेलीस आणि अजून पोचायचीच आहेस. एवढ्या वेळात माणसाचं चंद्रावर जाऊन, तिथं खोली घेऊन, घरमालकाशी भांडूनसुद्धा होतं. असो. "आजी, रोजचं काय ते कुणाकडून तरी लिहून ठेव, मी आले की निवांत वाचीन," हे तूच म्हणाली होतीस. तेही तुझ्या लक्षात नसणार. माझ्या आहे. मला अक्षर येत नाही, त्यामुळं सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. तुम्ही कागदावर ठेवता आणि कागद हरवता.

लिहून घेतायत वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई. जन्मभर कचेरीत साहेब बोलेल ते टाइप केलं, आता निवृत्त झाल्या तरी बोटं स्वस्थ बसत नाहीत. दुपारी लॅपटॉप घेऊन खाली येतात आणि त्याच्यावर अशा बोटं आपटतात की टेबलावरचा पेला सरकतो. त्यांचा कचेरीतला नेम अजून कायम आहे : साहेबाला प्रश्न विचारायचा नाही, सुचवायचं नाही, हसायचं नाही. आत्ता हसल्या. हे लिहू नका म्हटलं, तर तेही लिहिलं बहुतेक.

आता आजोबांचं. थंडीत झटका आला तेव्हा तू येऊन गेलीस. त्यानंतर काही फरक नाही. उजवी बाजू गेली ती गेली, वाचा गेली ती गेली. ज्या माणसानं उभा जन्म बस हाकली, त्याची गाडी आता बिछान्यावरून खुर्चीत आणि खुर्चीतून बिछान्यावर. ड्रायव्हरही मी, कंडक्टरही मी, आणि उतारू उतरत नाही म्हणून ओरडणारीही मीच. खुर्ची मागच्या खिडकीशी ठेवते, खाली डबकं आहे तिकडं. मी समोर उभी राहिले तर माझ्या आरपार बघतात, काचेतून बघावं तसं. डॉक्टर म्हणतात, ऐकू येत असेल, नसेल, सांगता येत नाही. एवढं तर मलाही शिकल्याशिवाय सांगता आलं असतं.

काल मात्र एक झालं. मी भरवत होते. खाली डबक्यातल्या लव्हाळ्यात एक पाखरू ओरडायला लागलं. कुवाक, कुवाक, कुवाक, जसं काही कुणी त्याचा गळा धरलाय. आणि आजोबांची मान वळली. खिडकीकडं. स्वतःहून. मी चमचा धरून तशीच. इतक्या महिन्यांत मी हाका मारल्या, गयावया केली, भांडले, एकदा चिमटासुद्धा काढला, पण मान वळली नाही. पाखराच्या बोंबलण्याला वळली.

आधी राग आला. मग हसू आलं. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

खालच्या वाण्याच्या दुकानात ऐकलंय, दर रविवारी सकाळी डबक्यावर पाखरं बघणाऱ्यांचं मंडळ जमतं. म्हातारी चालेल का, विचारलं. वाणी म्हणाला, तिथं सगळे म्हातारेच आहेत. येत्या रविवारी जाते. टायपिस्टबाई तेवढा वेळ आजोबांजवळ बसतील. मला ते पाखरू हवंय. बाकी निसर्गाचं काय व्हायचं ते होवो.


१३ एप्रिल, रविवार

मंडळात दाखल झाले. पहिली गोष्ट शिकले ती ही, की डबक्याला डबकं म्हणायचं नाही. पाणथळ म्हणायचं. मी दोनदा चुकले, दोनदा मास्तरांनी दुरुस्त केलं. मास्तर म्हणजे मंडळाचे मुख्य. शाळेत गणित शिकवायचे, आता बगळे मोजतात. बगळे हलले की पुन्हा पहिल्यापासून मोजतात. त्यांच्याजवळ एक दुर्बीण आहे, ती माझ्या डोळ्याला लावली तर मला माझ्याच पापण्या दिसल्या. मी म्हटलं, "फार सुंदर आहे." उगाच का माणसाचं मन मोडायचं.

दुसरे ते तोफवाले. कॅमेऱ्याला हाताएवढी नळी लावून फिरतात. कुणाशी फारसं बोलत नाहीत, पाखरांशीही नाही, नुसते नेम धरतात. बाकी चारपाच माणसं आहेत, सगळ्यांच्या डोक्याला टोप्या आणि गुडघ्यांना पट्टे.

मग मास्तरांनी खरी गोष्ट सांगितली. हे डबकं, पाणथळ, बुजवून तिथं गाड्या लावायची जागा करणार आहेत. कागद निघालेत. मंडळानं अर्ज केला म्हणून एक साहेब पुढच्या महिन्यात बघायला येणार आहे. त्याला तिथं घरटं आणि त्यात पिल्लं दिसली, तर पिल्लं मोठी होईपर्यंत काम थांबतं, आणि तेवढ्यात वरती दाद मागता येते. काही दिसलं नाही तर डंपर येणार.

मी म्हटलं, "आणि ते ओरडणारं पाखरू? ते कुठं जाईल?"

"पाणकोंबडी," मास्तर म्हणाले. "तिच्यावरच सगळी मदार आहे, आजी. जोडी आहे इथं. घरटं करतील असं वाटतंय." मग म्हणाले, "दाखवू का तुम्हाला? आज एकदाच हं. हे आपण करत नाही."

"करत नाही तर का करताय?"

"तुम्ही नवीन आलात म्हणून."

त्यांनी फोन काढला आणि त्यातून तोच आवाज आला. कुवाक, कुवाक. आणि काय सांगू! लव्हाळं हललं आणि स्वारी बाहेर आली, तरातरा चालत, शेपूट झटकत, मान पुढं काढून. पांढराशुभ्र सदरा, वरून काळा कोट, आणि मागून तांबडी चड्डी दिसतेय. आल्या आल्या तक्रार सुरू. मला थेट तुझ्या बापाची आठवण झाली. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा आमच्याकडं आला होता तो अस्साच. म्हणून मी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. मंडळाला आवडलं. तुझ्या बापाला सांगू नकोस. की तेही विसरशील?

तू दिलेल्या फोनवर मी लाल ठिपका दाबून ठेवला होता. तूच शिकवलंस, लाल ठिपका दाबला की आवाज साठतो, हिरवा त्रिकोण दाबला की परत येतो. मला येणारी अक्षरं तेवढी दोनच.


१५ एप्रिल

जावईबापू पलीकडच्या काठाला गेलेत. तिकडं ओरडतात ते खिडकीत पोचत नाही. आजोबा सरळ बघत बसले. मी दिवसभर खिडकीला कान लावून. गॅसवरची भाजी करपली.


१७ एप्रिल

लिहा, बाई, आज चांगलं लिहा.

सकाळी आजोबांना खुर्चीत बसवलं, खिडकी उघडली, आणि फोन घेऊन खाली उतरले. आमच्या खिडकीच्या बरोबर खाली डबक्याचा कोपरा आहे, तुटक्या पायपाजवळ. तिथं दगडावर बसले आणि हिरवा त्रिकोण दाबला. थोडा वेळ काही नाही. मग लांबून उत्तर आलं. मग जवळून. मग लव्हाळ्यातून जावईबापू असे धावत आले, जसं काही जेवायला बोलावलंय. माझ्यापासून दोन हातांवर उभं राहून असं ओरडले, की वरच्या खिडकीतून टायपिस्टबाईंनी डोकं बाहेर काढलं. मी त्यांना आजोबांजवळ बसवून आले होते. त्यांनी मान वळवून आत बघितलं आणि मला हातानं खूण केली. वळली म्हणून.

वळली! मान वळली. मी जिना कशी चढले मला आठवत नाही. अजून तसेच खिडकीकडं बघत होते, आणि डाव्या डोळ्यात पाणी होतं. डोळा तसाही गळतो म्हणा. पण आज निराळा गळत होता.


२२ एप्रिल

रोज जाते. सकाळी एकदा, दुपारी एकदा, उन्हं उतरली की एकदा. औषधाच्या वेळा असतात तशा. जावईबापू इतके माणसाळलेत, की हिरवा त्रिकोण दाबायचा अवकाश, हजर. काल तर फोनच्या भोवती फेऱ्या मारून त्याला चोच मारली. मी म्हटलं, "अहो, हळू, नातीनं दिलाय." जीव लावलाय पाखरानं.

मंडळात सांगितलेलं नाही. मास्तर म्हणाले होते ना, आपण हे करत नाही. मास्तर लोकांना कुठलीही चांगली गोष्ट एकदाच करायची सवय असते. आणि तोफवाल्यांच्या कानावर गेलं तर उद्यापासून आमच्या खिडकीखाली तंबू ठोकतील. एवढं एक माझं आहे, ते माझ्याजवळ राहू दे.


२७ एप्रिल, रविवार

घरटं सापडलं! पाणकणसांच्या गड्ड्यात, पाण्याच्या वर हातभर. मास्तरांनी तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण पक्की बसवून दिली, या खेपेला मला पापण्यांच्या पलीकडचं दिसलं. बायको अंड्यांवर बसलीय. मास्तर म्हणाले, नराचीही पाळी असते. आलटून पालटून बसतात, म्हणजे एकाला खायला जाता येतं.

मी म्हटलं, "पाळी घेणारा जावई मी पहिल्यांदाच बघतेय." सगळे हसले. तोफवालेसुद्धा.

"साहेब सोळा तारखेला येणार," मास्तर म्हणाले. "तोवर पिल्लं निघायला हवीत. निघतील. आता फक्त त्यांना निवांत राहू द्यायचं." माणूस एवढा खूश, की बगळे मोजायचे राहून गेले.

घरी येऊन आजोबांना सांगितलं. "अहो, आपलं डबकं वाचणार." सरळ बघत होते. मग खाली जाऊन त्रिकोण दाबला. बायको बसलीय अंड्यांवर, म्हणजे जावईबापू मोकळेच की. आले. मान वळली.


३० एप्रिल

आज काही झालं नाही. तरी लिहा.

मान वळते ती खिडकीकडं. माझ्याकडं नाही. मी खालून वर येईपर्यंत पुन्हा सरळ झालेली असते. म्हणजे मी पाखराला बोलावते, पाखरू त्यांना बोलावतं, आणि ते वळतात तेव्हा मी तिथं नसते. टायपिस्टबाई बघतात. टायपिस्टबाई, तुमचा काय संबंध?

मनात येतं ते सांगू का? झटका आला तेव्हा मी शेजारपाजार गोळा केला, गाडी मिळवली, धावपळ केली. सगळे म्हणाले, तुमच्यामुळं वाचले. कधीकधी वाटतं, मी त्या दिवशी थोडी दमले असते, थोडी उशिरा धावले असते, तर हे वाचवलेलं असं खुर्चीत ठेवून बघत बसावं लागलं नसतं. कोण वाचलं? मी कुणाला वाचवलं? ज्याला वाचवलं तो तर मला ओळखत नाही.

हे लिहू नका. लिहिलंत ना? राहू दे. नात वाचेपर्यंत कोण असेल कोण नसेल.


४ मे, रविवार

मास्तर काळजीत होते. म्हणाले, नर फार अस्वस्थ दिसतोय. दिवसभर काठाकाठानं धावतो, पिसं विस्कटलीत, आवाज बसलाय. जवळपास दुसरा नर आलाय की काय, पण दिसत तर नाही. घरट्यावर तर तो दिसलाच नाही म्हणाले. मादी एकटीच बसतेय, आणि मध्येच उठून जातेय.

मनात म्हटलं, आवाज बसायचाच, आमच्याकडं गातोय ना रोज. तसं मलाही वाटलं होतं की बापू जरा वाळलेत. बरोबर थोडे तांदूळ नेले, टाकले. ढुंकून बघितलं नाही. सारखं लक्ष फोनकडं. तुमच्या पिढीसारखं.


७ मे

आजोबांनी आज आवाज काढला! बापू ओरडत होते आणि ह्यांनी घशातून काहीतरी काढलं. टायपिस्टबाई म्हणतात, "अं" होतं. मी जिन्यात होते, मला ऐकू आलं नाही. पण होतं. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, चांगलं लक्षण आहे, चालू ठेवा जे काय करताय ते.

उद्यापासून एकदा जास्त जाईन.


९ मे

आले नाहीत. सकाळी वाजवलं, दुपारी वाजवलं, मग बसूनच राहिले आणि वाजवत राहिले. फोनची बॅटरी संपली. लव्हाळ्यावर कावळे बसले होते, नुसते बसले होते, पोट भरल्यासारखे.

आजोबा सरळ.


११ मे, रविवार

काय लिहायला सांगू?

मास्तर गमबूट घालून पाण्यात उतरले. आम्ही बांधावर उभे. घरट्यापाशी वाकले, आणि बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. परत आले तेव्हा हातात कवचाचे तुकडे होते. एक अंडं तेवढं शाबूत होतं. त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं. थंडगार.

मास्तरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. म्हणाले, "कुणीतरी इथं त्याचा आवाज वाजवत होतं. एकदा नाही, रोज. त्याला वाटलं, आपल्या घरात दुसरा नर घुसलाय. दिसत नाही, पळत नाही, हरत नाही. तो दिवसभर त्याला हुसकवायला धावला. खाणं नाही, पाळीवर बसणं नाही. मादीनं एकटीनं किती दम काढायचा? ती उठली की कावळे आत. शेवटी दोघं सोडून गेली."

मग सगळ्यांनी तोफवाल्यांकडं बघितलं. फोटो काढणारे लोक आवाज वाजवून पाखरू बाहेर काढतात, असं कुणीतरी म्हणालं. मीही बघितलं. ते लालबुंद झाले. "मी नाही," एवढंच म्हणाले. मास्तर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." त्यांनी नळी पिशवीत घातली, चेन लावली आणि निघाले. माझ्याजवळून जाताना थांबले. "आजी, खरंच मी नाही हो वाजवला."

मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात."

माणूस इतका निर्दय कसा होतो गं? चार फोटोंसाठी?

मी वाजवते ते वेगळं. मी तर त्याला इकडं, आमच्या कोपऱ्यात बोलावते, घरट्यापासून लांब. मी भांडायला थोडीच बोलावते. मी हाक मारते.


१२ मे

काल मी वरचं सांगून झाल्यावर टायपिस्टबाईंची बोटं थांबली ती थांबलीच. मग त्यांनी आजवर विचारला नव्हता तसा प्रश्न विचारला.

"काकू, पाखराला काय माहीत, तुम्ही हाक मारताय की भांडताय?"

मी उठून गॅस बंद करायला गेले. गॅस बंदच होता. तिथंच उभी राहिले. परत आले तेव्हा त्यांनी लॅपटॉप मिटला होता आणि माझ्याकडं न बघता माझी शाल घडी करत होत्या. चुकीची घडी. मी सोडवून पुन्हा केली.

बास आजचं.


१४ मे

मास्तरांच्या घरी गेले. दारातच सांगितलं, बसायच्या आधी, नाहीतर बसल्यावर तोंडातून शब्द फुटला नसता.

"मास्तर, तो दुसरा नर मी."

त्यांना कळेना. मी फोन काढून हिरवा त्रिकोण दाबला. त्यांच्या बैठकीत कुवाक, कुवाक. आतून त्यांची बायको बघायला आली. मास्तरांनी हात पुढं करून फोन उलटा केला टेबलावर, जसं काही त्यानं तो बंद होणार होता. मला बंद करता येतो, मी केला.

आजोबांचं सगळं सांगितलं. मान, डोळा, "अं". ते ऐकत होते. मला वाटलं, आता ओरडतील, बरं होईल. ओरडले नाहीत. म्हणाले, "मीच वाजवून दाखवला तुम्हाला."

"तुम्ही एकदा. मी शंभरदा. गणित तुमचं आहे."

हसले नाहीत. त्यांना हसू आलं असतं तर मला रडता आलं असतं. मी म्हटलं, "तोफवाल्यांना परत बोलवा. मी पाया पडते त्यांच्या." मास्तरांनी तिथूनच फोन लावला, सांगितलं, मग माझ्याकडं दिला. पलीकडून आवाज आला, "आजी, मी तुम्हाला सांगितलं होतं ना? तुम्हाला एकटीला सांगितलं होतं."

मी म्हटलं, "हो."

त्यांनी फोन ठेवला. येणार नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते.


१६ मे

साहेब आला. बुटाला चिखल लागू नये म्हणून टाचांवर उभा होता. मास्तर दाखवत होते, इथं घरटं होतं, इथून ये-जा होती, हे फोटो. फोटो तोफवाल्यांचेच. साहेब चांगलं बोलत होता, वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "होतं ते कळलं. आत्ता काय आहे?"

"आत्ता काही नाही," मास्तर म्हणाले. गणिताचा माणूस. खोटं सांगता येईना.

मला राहवेना. मी पुढं झाले. "साहेब, होता तो. खरंच होता. मी हाकलला. माझ्यामुळं तुम्ही डबकं बुजवू नका. पुढच्या वर्षी येतील ते. मी फोनला हात लावणार नाही."

साहेबानं मास्तरांकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "आजींना जरा सावलीत बसवा."

बसवलं मला सावलीत. तिथून सगळं दिसत होतं. एक बगळा होता काठाला, एकटाच. तोही उडाला.


३ जून

काल डंपर आले. घरं पाडलेली विटामाती, सिमेंटची ढेकळं, एक मोडका संडाससुद्धा, सगळं लव्हाळ्यावर. पहिला डंपर आमच्याच कोपऱ्यात रिता झाला, माझा दगड त्यात गेला. धूळ वर खिडकीपर्यंत. खिडकी लावून घेतली. आजोबांची खुर्ची तिथंच ठेवली, कारण दुसरीकडं कुठं ठेवू?

मास्तर आले होते. बांधावर उभे राहून बघत होते. मी वरून हात केला. त्यांनी बघितलं असेल, नसेल.

आज एक केलं. करू नये ते केलं. आजोबांच्या कानाशी फोन धरला आणि हिरवा त्रिकोण दाबला. तोच आवाज गं. अगदी तोच. खुद्द जावईबापू ज्याला फसले, घर सोडून धावत आले, तो. या खेपेला मी शेजारी होते, डोळ्यांसमोर, म्हणजे मान वळली असती तर मी बघितली असती.

नाही वळली. पुन्हा वाजवलं. मोठ्यानं वाजवलं. डोळ्याची पापणीसुद्धा नाही.

पाखराला खरं आणि खोटं ओळखता आलं नाही, आणि ज्याला काही कळत नाही असं सगळे म्हणतात त्याला आलं. म्हणजे कळतंय त्यांना. आत आहेत. आत आहेत आणि ऐकतायत, मी हाका मारते त्याही ऐकत असतील, आणि वळत नाहीत. हे मला नको होतं कळायला. याच्यापेक्षा डॉक्टरांचं "सांगता येत नाही" बरं होतं.

टायपिस्टबाई, तुम्ही का रडताय? तुमचा काय संबंध? या, इकडं बसा.


१० जून

मागं आता सपाट झालंय. रोलर फिरतो. त्याचा आवाज मोठा आहे, पण त्याला कुणी मान वळवत नाही.

रविवारी मंडळाचा निरोप आला होता. मंडळ आता दुसऱ्या तळ्यावर जाणार, बसनं जावं लागतं. मास्तरांनी बजावून सांगितलंय म्हणे, आजींना म्हणावं, या. मी गेले नाही. माझ्या पायगुणानं एक तळं पुरे झालं.

फोनमधला आवाज टायपिस्टबाईंकडून पुसून घेतला. "नक्की ना, काकू?" असं त्यांनी दोनदा विचारलं. हल्ली प्रश्न फार विचारतात, साहेबाचा धाक राहिला नाही. पुसल्यावर मला वाटलं, हलकं वाटेल. काही वाटलं नाही. फोन तेवढ्याच वजनाचा आहे.

आजोबा जेवतात. भरवलं की गिळतात. तुझ्या आईनं पाठवलेलं सगळं गोडगोड, मऊमऊ, तोंडात टाकलं की जातं खाली. त्यांना गोड फार आवडायचं, ती म्हणते तेही खरं. पण मी समोर बसून बघते. गोड गेलं काय, गार पाणी गेलं काय, चेहरा तोच. खारट करून बघितलं, तोच. मी रागानं त्यांच्याकडं बघते, तरी तोच.

आत आहेत, हे मला आता माहीत आहे. बाहेर यावंसं वाटत नाही, हेही कळलं. माझ्याकडं बघून हसतील, हा नाद मी सोडला. नाव घेतील, सोडला. पण एवढा जन्म काढला बरोबर, निदान माझ्यावर तोंड तरी वाकडं करावं की नाही माणसानं?

म्हणून तुला सांगते. हे सगळं लिहिलेलं तुझ्यापर्यंत पोचायचं तेव्हा पोचेल, पण एवढा एक निरोप टायपिस्टबाई आजच वेगळा पाठवतील, म्हणजे विसरायची सोय नको. लिंबं पाठव. इथल्या दुकानातली नकोत, ती पिवळी, पिकून मिळमिळीत झालेली असतात. हिरवी पाठव, कडक, पातळ सालीची, नुसतं कापलं तरी शेजारच्याचे दात आंबतील अशी. भरपूर पाठव. मी अर्धं पिळून चमच्यानं जिभेवर ठेवणार आणि समोर बसणार. डोळे मिटले, नाक मुरडलं, थुंकले माझ्या अंगावर, तरी चालेल.

साखर अजिबात पाठवू नकोस.